मिसरचे ताईत व चाकणची यंत्रे

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जी यंत्रे चालतात ती पुढारलेल्या कोणत्याही देशातील यंत्रांच्या तोडीची आहेत, असे आम्ही नेहमी अभिमानाने सांगतो, व ते खोटे नाही. परंतु ज्या दारातून ही यंत्रे आत आली त्याच दाराच्या चौकटीस दर शनिवारी नवे लिंबू, सात मिरच्या व एक बिब्बा ओवून टांगलेला दिसतो. जी मालमोटार येथे बांधली जाते तिच्या पाठीमागे, ती रस्त्यावर येऊन आठ दिवस होतात न होतात तोच, काळा गोंडा व जुने पायताण लोंबू लागते. आणि नवी मोटार विकत घेणारा गृहस्थ, मग तो स्वतः इंजिनिअर का असेना, चाकाखाली लिंबू चिरडल्यावाचून ती जागची हलवीत नाही. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, ऐन विजयादशमीस, फ्रान्समधील मेरिन्याक येथे राफाल विमान ताब्यात घेताना खुद्द आमच्या संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते पूजा होऊन त्याच्या चाकांखाली लिंबे ठेवण्यात आली. त्यानंतर चाकणच्या गरीब टेम्पोवाल्यास नावे ठेवण्याचा अधिकार फारसा कोणास उरला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

या विषयावर आजवर दोन प्रकारचे लोक बोलत आले. एका पक्षाचे म्हणणे असे की, लिंबाच्या आंबटपणाने व मिरचीच्या तिखटपणाने हवेतील जंतू मरतात, म्हणून आमच्या पूर्वजांनी ही शास्त्रीय योजना करून ठेवली. या पक्षाशी वाद घालण्यात हशील नाही. जंतू मारणारे लिंबू शनिवारचेच का लागते आणि ते चाकाखाली ठेवून कोणता जंतू मरतो, एवढे विचारले म्हणजे पुरे. दुसरा पक्ष हसतो व पुढे जातो. आम्ही स्वतःस याच पक्षात गणतो, तथापि त्याचे हे हसणे अपुरे आहे असे आमचे मत झाले आहे. माणूस ताईत का बांधतो, बांधताना त्याच्या मनात काय असते, हे ओळखल्याशिवाय कोणाच्याही गळ्यातला ताईत सुटत नाही. पण घरच्या वस्तूकडे त्रयस्थपणे पाहणे कठीण. याकरिता जेथे ही विद्या शिगेस पोचली होती, जेथील ताईतांची नावे, रंग, पदार्थ व मंत्र लेखी राहिले आहेत, आणि जेथील दैवतांवर आज कोणाची श्रद्धा नसल्यामुळे कोणाच्या भावना दुखावण्याचे भय नाही, त्या प्राचीन मिसर देशाकडे वाचकांनी घटकाभर आमच्याबरोबर चलावे, अशी विनंती आहे.

मिसरी भाषेत ताईतास जे शब्द होते त्यांपैकी एकाचा अर्थ ‘रक्षण करणारा’ व दुसऱ्याचा ‘धडधाकट राखणारा’ असा होतो. सेत या देवाने होरस या देवाचा डोळा फोडला व थोथ या विद्येच्या देवाने तो पुन्हा सांधला, अशी त्यांची कथा आहे. तो सांधलेला डोळा म्हणजे ‘वेजात’, म्हणजेच ‘अखंड’. जिवंत माणसे तो गळ्यात बांधीत व मृतांच्या अंगावरही तो ठेवीत. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालास काजळाची तीट लावतात. तेथे डोळाच रक्षक झाला होता. शेणाचा गोळा लोटीत नेणाऱ्या किड्यात त्यांस उगवत्या सूर्याचे रूप दिसे. ‘जेद’ हा ओसिरिस देवाचा कणा, स्थैर्याचे चिन्ह. ‘तित’ ही इसिस देवीची गाठ. मृतांसाठी रचलेल्या त्यांच्या ग्रंथात जेद सोन्याचा असावा, तित तांबड्या जास्पर दगडाची असावी, ती अमुक मंत्र म्हणून मृताच्या गळ्यात घालावी, असे विधान आहे. गरिबास सोने कोठून मिळणार? त्याच्यासाठी निळ्या-हिरव्या चकाकीच्या फायान्स नावाच्या पदार्थाचे ताईत मातीच्या साच्यात दाबून काढीत. अमार्ना येथे उत्खनन करताना फ्लिंडर्स पेट्री यास असे साचे हजारोंनी सापडले. एका साच्यातून एकसारखे नग काढण्याची जी कला भोसरीच्या गल्ल्यांतून आज चालते, तिचा एक जुना उपयोग देवाचे डोळे काढण्याकडे झाला होता, ही गंमत आमच्या कारखानदार मित्रांस आवडेल.

आमच्याकडच्या ताईताशी अगदी हुबेहूब जुळणारा प्रकार मात्र याच्या पुढच्या काळातला आहे. मिसरच्या एकविसाव्या व बाविसाव्या राजवंशांच्या सुमारास देवळातून पपायरसची एक अरुंद पट्टी लिहून मिळे. या मुलाचे वा मुलीचे आम्ही रोगापासून, सापापासून, विंचवापासून रक्षण करू, असे देवाचे लेखी अभिवचन तिच्यावर असे. तिची गुंडाळी करून ती बारीक नळीत घालीत व मुलाच्या गळ्यात बांधीत. पुजारी, कागद, नळी व दोरा, या चारांपैकी आमच्या बाजारात आज कोणते मिळत नाही? अंगाऱ्याचे व मंतरलेल्या पाण्याचेही तसेच. मगरींवर उभा असलेला बाल होरस कोरलेल्या शिळेवर पाणी ओतीत, शिळेवरच्या मंत्रांवरून ओघळलेले ते पाणी विंचू चावलेल्या माणसास पाजीत.

येथवर धर्माची गोष्ट झाली. आमच्या विषयास अधिक उपयोगी पडणारी हकीकत राजांच्या थडग्यांत नाही, ती थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या वस्तीत आहे. नाईल नदीच्या पश्चिम तीरावर थीब्ज शहरासमोर, हल्ली ज्यास देर-अल-मदिना म्हणतात त्या ठिकाणी, राजाच्या थडग्याचे खोदकाम व चित्रकाम करणारे कारागीर पिढ्यानपिढ्या राहत. आमच्या औद्योगिक पट्ट्याची मिसरातील बहीण शोधावयाची तर ती हीच. या कारागिरांचा हजेरीपट एका चुनखडीच्या मोठ्या कपरीवर लिहिलेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १२५० चा तो असून त्यात ४० माणसांच्या गैरहजेरीची कारणे दिली आहेत. अमका आजारी, अमक्याचे डोळे आले, अमका घरच्या मर्तिकात गुंतला, अमका बिअर गाळीत होता; आणि अमक्यास विंचू चावला. डोंगरात काम करणाऱ्यास विंचवाचे भय रोजचेच, म्हणून त्या वस्तीच्या शिधापत्रकात वैद्याप्रमाणे विंचू उतरविणारा मांत्रिकही शिध्याचा धनी होता. सरकारच त्याचे पोट भरीत असे.

आता याच वस्तीतील दुसरी गोष्ट पाहा. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी या कारागिरांचा धान्याचा शिधा थकला. तेव्हा त्यांनी कोणता ताईत बांधला? कोणता मंत्र म्हटला? त्यांनी हत्यारे खाली ठेवली, वस्तीची हद्द ओलांडली, राजांच्या देवळांपाशी जाऊन ठाण मांडले आणि आम्हांस भूक लागली आहे असे अधिकाऱ्यांस बजावले. जगाच्या इतिहासात ज्याची लेखी नोंद सापडते असा हा पहिला संप होय, असे विद्वान मानतात. विंचवाविरुद्ध मंत्र म्हणणारी व शिध्यासाठी संप करणारी माणसे एकच होती. फरक एवढाच की, विंचू कोठून येतो व का चावतो यास त्यांच्या दृष्टीने कोणी जबाबदार नव्हते, आणि शिधा का आला नाही यास कोण जबाबदार आहे हे त्यांस पक्के ठाऊक होते. संकटाचा कर्ता दिसत नाही तेथे माणूस ताईताकडे वळतो. तो दिसला की त्याचे दार ठोठावतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर पुढचे सारे सोपे होईल.

परंतु मिसरी लोकांच्या ताईतांत एक असा आहे की, त्याविषयी वाचून आमचे मन फार अस्वस्थ झाले. मेल्यानंतर ओसिरिसच्या न्यायसभेत प्रत्येकाचे हृदय तराजूच्या एका पारड्यात व सत्याच्या देवतेचे पीस दुसऱ्या पारड्यात घालून तोलले जाते, अशी त्यांची कल्पना होती. कर्माचा न्याय हृदयाच्या साक्षीने व्हावा, ही कल्पना केवढी उदात्त! पण तीच बाळगणाऱ्या लोकांनी तिच्यावर उताराही शोधून ठेवला. हिरव्या दगडाचा एक मोठा शेणकिडा मृताच्या छातीवर ठेवीत, व त्याच्या पोटावर जो मंत्र कोरीत त्याचा आशय असा की, हे माझ्या हृदया, न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध उभे राहू नकोस. म्हणजे साक्षीदारास गप्प बसविण्याचा हा ताईत. विंचवास भिणाऱ्या कारागिराच्या ताईताची आम्हांस कीव येते; ह्या ताईताची मात्र चीड येते. पहिल्यात भय आहे, दुसऱ्यात लबाडी आहे. आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हे दोन्ही प्रकार एकाच दोऱ्यात ओवलेले असल्यामुळे त्यांची फोड करणे सुधारकांचे पहिले काम आहे.

पत्र्यास आकार देणारा पॉवर प्रेस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली एक साचा, वर एक साचा, मध्ये पत्रा. वरचा साचा कित्येक टनांच्या दाबाने खाली येतो. कामगाराचा हात मध्ये सापडू नये म्हणून यंत्रास दोन बटणे दूरदूर बसवितात, दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच साचा खाली यावा. याहून चांगल्या यंत्रास प्रकाशाचा पडदा असतो. हात आत गेला की प्रकाश अडतो व यंत्र थांबते. शिवाय लोखंडी जाळीचे गार्ड निराळे. ही योजना काही कोणास अज्ञात नाही. पण पाळीत चार नग अधिक निघावेत म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवायचे, पडद्याची तार काढायची, जाळी काढून कोपऱ्यात उभी करायची, हे जेथे चालते तेथे बोटे जाण्यास अमावास्येची वाट पाहावी लागत नाही. बोटे जातात. मग कोणी म्हणतो, त्याचे नशीब. कोणी म्हणतो, यंत्रास नजर लागली. नारळ फुटतो, जुने लिंबू जाऊन नवे येते, आणि दुसऱ्या पाळीस त्याच यंत्रापुढे दुसरा कंत्राटी मुलगा उभा राहतो. हाताला काळा दोरा बांधून तो येतो, कारण कालचा प्रकार त्याने ऐकलेला असतो. त्याचा दोरा देर-अल-मदिनाच्या कारागिराचा. दारावरचे लिंबू मात्र ओसिरिसच्या सभेतले आहे. जाळी कोणी काढली हा प्रश्न कोणी विचारू नये, एवढेच त्याचे काम.

यावर कोणी असे म्हणेल की, लिंबू टांगणारा मालक जाळीही बसवू शकतो, दोहोंत विरोध कसला? विरोध नाही हे खरे. जो मालक गार्ड बसवितो, कामगारास शिकवितो, आणि वर खंडेनवमीस यंत्रास हळदकुंकू वाहतो, त्याच्याशी आमचे भांडण नाही. ज्या हत्याराने पोट भरते त्यापुढे वर्षातून एक दिवस हात जोडणे यात आम्हांस कृतज्ञता दिसते. ते हत्यार चालविणाऱ्या मनुष्याविषयीही थोडी कृतज्ञता असावी, एवढेच आमचे मागणे. आईने बाळास लावलेल्या तिटेविरुद्धही आम्ही लेखणी उचलणार नाही. त्या काजळात भीतीपेक्षा माया अधिक आहे, व ती पुसून समाजाचे काही बरे होईल असे नाही. तीट लावणारी आई बाळास लस टोचण्यास नेते की नाही, एवढेच आम्ही पाहू.

तुतनखामेन या मिसरी राजाचे उदाहरण येथे आठवते. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यास त्याचे थडगे सापडले, व पुढे ममीवरची वस्त्रे उलगडली तेव्हा त्यांच्या घड्यांतून ताईत व अलंकार मिळून १४३ वस्तू निघाल्या. मरतेवेळी त्याचे वय विशीच्या आतले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याच्या शरीरात मलेरियाच्या जंतूंच्या खुणा आढळल्या. एवढा वैभवशाली राजा, पण क्विनीनची एक पुडी त्याच्या राज्यात नव्हती. त्यास आम्ही हसत नाही. त्याच देशाच्या वैद्यांनी, ज्यास एडविन स्मिथचा पपायरस म्हणतात त्या गुंडाळीत, जखमा व मोडलेली हाडे यांची ४८ प्रकरणे क्रमाने लिहून ठेवली आहेत. तपासणी कशी करावी, मग हा रोग मी बरा करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर उपाय नाही, यांपैकी एक निर्णय द्यावा, असा तिचा शिस्तशीर क्रम आहे. मंत्र त्या ४८ प्रकरणांत एकाच ठिकाणी येतो. हाड का मोडले हे डोळ्यांस दिसत होते, म्हणून तेथे मंत्राची गरज पडली नाही. त्याच गुंडाळीच्या पाठीवर मात्र साथीच्या रोगावरचे मंत्र आहेत, कारण साथ का येते हे कोणास दिसत नव्हते.

आम्हांस ते दिसते. दिसत असूनही जो डोळे मिटतो त्याची गणना कोठे करावी? पिंपरीस १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला पहिला औषधकारखाना काढला व तेथे पेनिसिलिन होऊ लागले. त्याच पिंपरीत हाफकिन संस्थेचे केंद्र असून घोड्याच्या रक्तातून सर्पविषावरची लस काढण्याचे काम तेथे होत आले आहे. विंचवाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करीत असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपाय जगापुढे मांडला. पूर्वी शेकडा ४० च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे १ च्या आसपास आले. २०२२ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. तीन हजार वर्षे मांत्रिकाच्या शिध्यावर ज्याची बोळवण होत होती ते विष कोकणातल्या एका खेडेगावच्या डॉक्टरने असे उतरविले.

कायद्यानेही आपली रेषा ओढली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी कित्येक वर्षे सरकारचे उंबरठे झिजविले तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला व डिसेंबरात कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता रोग्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे, हा त्याच्या अनुसूचीप्रमाणे गुन्हा आहे. दोरा बांधणे गुन्हा नाही, औषधाच्या आड दोरा येणे हा गुन्हा. ही विवेकाची रेषा आहे, आणि या कायद्याने धर्म बुडेल म्हणून ओरडणाऱ्यांनी अनुसूची एकदा वाचली असती तर बराच आरडाओरडा वाचला असता. पण मांत्रिक दवाखान्याच्या आड आला तर त्यास जो न्याय, तोच न्याय जाळीच्या आड लिंबू आणणाऱ्या मालकास का नसावा? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राच्या धोक्याच्या भागास कुंपण घालणे बंधनकारक केले होते. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. सुरक्षिततेचे मालकाचे कर्तव्य त्यामुळे सुटलेले नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागून तेथे काम करणाऱ्या कित्येक स्त्रियांचा बळी गेला. त्या दारावर काय टांगले होते हे आम्ही विचारीत नाही. अशा ठिकाणी बाहेर पडण्यास दारे किती असतात आणि ती पाहून जाण्यास कोणता अधिकारी शेवटचा कधी येतो, हे विचारतो.

तेव्हा आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत. खंडेनवमीचा दिवस या पट्ट्यातील प्रत्येक कारखान्यात पाळला जातोच. त्या दिवशी यंत्र थांबलेले, धुतलेले व मोकळे असते. यंत्रास कुंकू लागण्यापूर्वी त्याची जाळी, दोन्ही बटणे व पडदा तपासावा, आणि तपासणीच्या कागदावर सुपरवायझरच्या सहीखाली त्या यंत्रावर उभा राहणाऱ्या कामगाराची सही घ्यावी, मग तो कंत्राटी असो की कायम. सही करण्यास तो नकार देईल तर यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू होऊ नये. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने कोणत्या कारखान्यात वर्षभरात किती हात व किती बोटे गेली याची यादी कारखान्याच्या नावासह मराठीत व हिंदीत प्रसिद्ध करावी, कारण या यंत्रांपुढे आज बीड-लातूरच्या मुलांबरोबर बिहार-ओडिशाची मुलेही उभी आहेत, आणि संकटाचा कर्ता त्या सर्वांस दिसला पाहिजे. चाकणभोवतीच्या शेतांतून नव्या इमारतींचे पाये खणले जात आहेत, तेथे पालात निजणाऱ्या मजुरांस घोणस व मण्यार यांची गाठ पडतेच. अशा प्रत्येक कामाच्या फाटकावर एक पाटी असावी: सर्पदंशावरची लस असलेला जवळचा दवाखाना कोणता, तेथे रात्री कोणत्या वाहनाने जावयाचे, आणि ते वाहन कोठे उभे आहे.